सत्तेचाळीस

नियाज गुरुजींनी चौकोनात शून्य टाइप केलं, पुसलं, आणि पुन्हा शून्यच टाइप केलं.

चौकोनाच्या वर प्रश्न होता : 'आपले सॉफ्टवेअर इतर किती संस्था वापरतात?' अहवाल पाचच्या आत जायला हवा होता. सकाळीच अनुदान देणाऱ्या संस्थेच्या मॅडमचा पुण्याहून फोन आला होता. पुढच्या वर्षाचं अनुदान याच उत्तरावर ठरणार, त्या म्हणाल्या होत्या. अनुदान थांबलं, की चांदूर बाजारची भावाची लाइन महिनाअखेर बंद.

लाइन म्हणजे एक फोन नंबर. तो लावला की अमरावतीच्या बाजारातला भाजीचा सकाळचा भाव ऐकू येई. गेल्या काही वर्षांत कापसानं पाठ फिरवली तशी तालुक्यातली बरीच घरं वांगी-मिरचीकडे वळली होती. माल घेऊन बाया येत आणि अडत्या म्हणेल त्या भावात देऊन जात. आता त्या आधी फोन कानाला लावत, मग टोपलं खाली ठेवत.

गुरुजी गणिताचे शिक्षक. निवृत्तीनंतर ते कॉम्प्युटर शिकले, हा प्रोग्राम त्यांनीच लिहिला आणि आवाजासकट इंटरनेटवर खुला ठेवला. कोणीही घ्यावा, बदलावा, वापरावा. विचारायचीही गरज नाही. तीन वर्षांत कोणी विचारलं नव्हतं.

आवाज मनकर्णाबाईंचा होता. प्रौढ वर्गात त्या आकडे शिकल्या, तेव्हा परीक्षा म्हणून गुरुजींनी त्यांच्याकडून एक ते शंभर म्हणवून घेतले होते; पुढे भाज्यांची नावंही म्हणवून घेतली आणि सगळं लाइनवर घातलं. पन्नाशीतल्या विद्यार्थिनीचं कौतुक करण्याच्या नादात, तिनं सत्तेचाळीस गाळल्याचं त्यांच्या ध्यानातच आलं नाही. आलं तोवर बाजारातल्या बायांनी अर्थ लावून टाकला होता : लाइन मुकी झाली, म्हणजे सत्तेचाळीस.

दारात चपला आपटल्याचा आवाज झाला. मनकर्णाबाईच होत्या.

"गुर्जी, तुमी मले सांगतलं काहून नाई?"

"काय सांगाचं होतं?"

"माहा आवाज धामनगावले नेला म्हून! बहीन म्हनते, बाई, तू तं आमच्या इथंबी भाव सांगून राह्यली. इकडं मी वांगे बारा सांगतो, तिकडं चवदा. लोक हासून राह्यले. मी काय दोन तोंडाची हावो?"

गुरुजींनी चष्मा काढला.

"कोनता नंबर?"

त्यांनी पदराची गाठ सोडून चिठ्ठी काढली. गुरुजींनी नंबर लावला आणि फोन मोठ्या आवाजावर टेबलावर ठेवला.

"आजचा भाव," मनकर्णाबाई फोनमधून म्हणाल्या. मागे बांगड्या वाजल्या. "वांगे. चौदा. टमाटे. अठरा. मिरची."

गुरुजी नकळत पुढे वाकले.

"सत्तेचाळीस," फोनमधून एक अनोळखी बाई म्हणाली. आवाज बारीक, जरा घाबरलेला. लगेच पुन्हा मनकर्णाबाई : "कोथमीर. तीस."

"आयकलं? हे कोन होय मधातच बोलनारी?"

"माईत नाई," गुरुजी म्हणाले. "तुमाले जे म्हनता आलं नाई, ते तिनं म्हनलं. तिकडं कोनीतरी आपलं काम उचललं, अन् फाटलं होतं तिथं टाका घातला."

"न इचारता?"

"मीच लिहून ठेवलं होतं, इचारू नोका म्हून."

मनकर्णाबाई खुर्चीवर बसल्या. त्यांनी स्वतःच हात लांबवून नंबर पुन्हा लावला. मिरचीपाशी मान थोडी कलती केली.

"म्हनते चांगलं," त्या म्हणाल्या. "साळेची मास्तरीन असन."

"तिचा सत्तेचाळीस आपल्या लाइनवर घेऊ काय? घेता येते."

बाईंनी फोन बाजूला सारला.

"नोका घेऊ. इथं मुकीच राहू द्या. बायांले सवय झाली."

गुरुजींनी मान हलवली. चष्मा चढवून ते पडद्याकडे वळले. शून्य पुसलं. एक टाइप केलं. न सांगता घेणारे आणखी किती असतील, हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. त्यांनी एकच्या आधी 'किमान' लिहिलं.

खाली दुसरा रकाना होता : पुरावा.

पाचला दहा मिनिटं कमी होती. मनकर्णाबाई तिसऱ्यांदा नंबर लावत होत्या. गुरुजींनी त्या रकान्यात धामणगावचा फोन नंबर लिहिला, आणि पुढे कंसात : 'मिरचीपर्यंत ऐकावे.'