गंजाच्या कड्या

नागपुरात जरीपटका भागातल्या एका शाळेत प्रेमिला आणि रंभाबाई अकरा वर्षं मुलांची खिचडी शिजवत होत्या. खिचडीचा जर्मनचा गंज, म्हणजे ॲल्युमिनियमचं पातेलं, एवढा मोठा, की त्यात पहिलीतलं एखादं पोर बसवून आंघोळ घालावी. तो शेगडीवरून उतरवायला दोघी लागत. एका कडीला प्रेमिला, दुसऱ्या कडीला रंभाबाई. उचलताना कोणी बोलत नसे. गंज खाली टेकला की रंभाबाई म्हणे, "सोड वं," आणि दोघी एकदम हात काढत.

मार्चमध्ये मात्र प्रेमिलाच्या हातून कडी अधांतरीच निसटली. अर्धा गंज खिचडी फरशीवर. कोणाला भाजलं नाही, हेच नशीब. मुख्याध्यापिका धावत आल्या, "कोणाच्या हातून सुटला?" प्रेमिला तोंड उघडते न उघडते तोच रंभाबाई बोलून मोकळी झाली, "माह्या हातून, मॅडम." असा या बाईचा स्वभाव. दुसऱ्याचं आपल्या अंगावर ओढून घ्यायची हौसच तिला. केस पिकलेले तिचे, म्हणून मॅडमना पटलंही.

"सुट्ट्या लागेपर्यंत शिपाई हात लावेल. जूनमध्ये शाळा उघडली की माझ्यासमोर गंज उतरवून दाखवा," मॅडम म्हणाल्या. "नाही जमलं तर तुमच्या जागी दुसरी बाई पाहावी लागेल, रंभाबाई. एखाद्या मुलाच्या अंगावर सांडली असती तर?" त्यांचंही काही चुकलं नव्हतं.

प्रेमिलाला घास गोड लागेना. "मी खरं सांगून टाकते," ती म्हणाली.

"चूप बस वं," रंभाबाई म्हणाली. "तुले काढलं त मी कोणासंग गंज उचलू?"

पण आपल्या हातातला जोर असाच कमी राहिला तर जून महिन्यात कडी पुन्हा निसटेल आणि घरी बसेल ती रंभाबाई, हे प्रेमिलाला लख्ख कळत होतं.

त्यांच्याच गल्लीतल्या दीक्षानं तेव्हा विहाराच्या अंगणात शेडच्या आडव्या लोखंडी दांड्याला पट्टे बांधून दोन लाकडी रिंगा टांगल्या होत्या. पोरगी शाळेपासून जिम्नॅस्टिक्स करायची. सकाळी सहाला फक्त बायांसाठी, असं तिनं घरोघरी सांगितलं होतं. अर्ध्या गल्लीनं पदर तोंडाला लावून हसून घेतलं. प्रेमिला मात्र दुसऱ्याच दिवशी गेली, आणि रंभाबाईला मनगट धरून घेऊन गेली.

"हे काय वं!" रिंगांकडे पाहून रंभाबाई म्हणाली. "ह्या त गंजाच्या कड्या हायेत. गंज कुठी हाय?"

"गंज तुम्हीच, मावशी," दीक्षा म्हणाली.

पाय जमिनीवर ठेवायचे, अंग मागे झुकवायचं आणि रिंगा धरून स्वतःला वर ओढायचं. ऐकायला काय, सोपंच. पण रिंगा भिंतीसारख्या एका जागी थोड्याच राहतात! एक इकडे पळे, दुसरी तिकडे. प्रेमिलानं श्वास कोंडून धरला, तोंड लालबुंद झालं.

"काकू, सोडा! सोडा!" दीक्षा ओरडली.

अकरा वर्षांची सवय. प्रेमिलानं दोन्ही हात सोडले आणि बदकन खाली बसली.

"श्वास सोडा म्हटलं होतं, काकू! रिंगा नाही!"

रंभाबाई हसता हसता स्वतःही खाली बसली. शेवटी दीक्षानंच शब्द बदलला. "फुंका. चूल फुंकता न, तशी." त्या दिवसापासून विहाराच्या अंगणात सकाळी सकाळी फूऽऽ फूऽऽ असा आवाज घुमू लागला.

मे महिन्याच्या उकाड्यात सहा वाजताच घामाच्या धारा लागत. प्रेमिलाच्या तळहाताला फोड आले, फुटले, त्यांचे घट्टे झाले. मग पाय उचलून रिंगांना नुसतं लटकायचं आणि आकडे मोजायचे, असं सुरू झालं. रंभाबाई तीस आकडे लटकू लागली तरी प्रेमिला बारावर अडलेली. आणि मोजणारी कोण, तर रंभाबाई! "आठ, नऊ, तेरा, चवदा..."

"खरं मोज वं!" प्रेमिला वरूनच ओरडे.

"मोजून त राहिली!" ती साळसूदपणे म्हणे.

अशा बाईवर रागवावं की तिला मिठी मारावी, ते प्रेमिलाला कळत नसे. ती दीक्षाकडून पुन्हा मोजून घेई. शाळा उघडायच्या आदल्या आठवड्यात तिचेही तीस आकडे भरले, एकही न गाळता.

शाळा उघडली. मॅडम स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. दोघींनी फडक्यानं कड्या धरल्या, गंज उचलला. अर्ध्या वाटेत प्रेमिलाच्या मुठीतून कडी सरकू लागली. मार्चमध्ये सरकली होती तशीच.

"फुंक वं," रंभाबाई हळूच म्हणाली.

दोघींनी एकदम फूऽऽ केलं. गंज खाली टेकला. एक शीतही सांडलं नाही.

"वा, रंभाबाई!" मॅडम म्हणाल्या. "हात बरा झाला म्हणायचा. राहा तुम्ही."

झालं, सगळं निभावलं होतं. प्रेमिला गप्प राहिली असती तरी कोणाचं काही अडलं नसतं. पण वाढवून मोजलेले आकडे तिला कधी पचले नव्हते.

"मॅडम, मार्चमध्ये गंज माह्या हातून सुटला होता. रंभाबाईच्या नाही."

मॅडमनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग रंभाबाईकडे. रंभाबाई चोरी पकडल्यासारखी छताकडे पाहत होती.

"आणि आज?" मॅडमनी विचारलं.

"आज नाही सुटला."

"मग वाढायला घ्या. पोरं ताटं वाजवताहेत." एवढं बोलून मॅडम गेल्या. जाताना त्या ओठ दाबून हसत होत्या, हे दोघींनाही दिसलं.

रंभाबाईनं पदरानं डोळे पुसले आणि वर वाफेचं निमित्त केलं. मग प्रेमिलाच्या हातावर हात ठेवून म्हणाली, "सोड वं आता."

प्रेमिलानं खाली पाहिलं. गंज केव्हाचा जमिनीवर होता. कडी मात्र अजून तिच्या मुठीत घट्ट होती.