दार्सैतच्या खोलीतली चौघं

मी एक जुना एसी आहे, खिडकीत बसवतात त्या जातीचा. आता भिंतीवर बारीक अंगाचे, आवाज न करणारे एसी आले आहेत. मित्रांनो, मी त्यांच्यातला नाही. मी चौकोनी आहे, वजनाला जड आहे आणि मी सुरू झालो की साऱ्या घराला कळतं.

माझा जन्म कारखान्यातला. पोटात तांब्याच्या नळ्या वळवून बसवल्या, पाठीवर जाळी ठोकली, पुठ्ठ्याच्या खोक्यात घातलं आणि जहाजात चढवलं. मस्कतला उतरलो. रुवीच्या एका दुकानात काही दिवस धूळ खात पडलो आणि मग दार्सैतमधल्या एका पिवळट इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, मला खिडकीत बसवलं. बसवणारा माणूस रत्नागिरीकडचा तय्यब. मला एक चापट मारून तो म्हणाला, "यल्ला, लाग कामाला." मी लागलो.

आधी त्या घरात काही सडे पुरुष राहायचे. ते मला दिवसरात्र चालवायचे, पण माझी जाळी कधी धुवायचे नाहीत. त्यांचं काम संपलं, ते गेले आणि धम्मदीपचं बिऱ्हाड आलं.

धम्मदीप वाशीमकडच्या एका खेड्यातला. शिकून वीज-इंजिनिअर झाला आणि इकडे आला. इथेच एका वैशाखी पौर्णिमेला, बुद्धवंदनेच्या कार्यक्रमात, त्याला इंद्राणी भेटली. ती श्रीलंकेतल्या गॉलची. एका बालवाडीत मदतनीस होती. नवरा वारलेला, पदरात सेनुरी नावाची लहान मुलगी. धम्मदीपनं तिच्याशी लग्न केलं आणि दोघींना आपलंसं केलं. गावी त्याची आई, कांताबाई, आधी रुसली. मग फोनवर सून रोज दिसायला लागली आणि म्हातारीनं तिला झुणका शिकवायला घेतला. पुढे प्रणाली जन्मली. तिला बापाचा, म्हणजे भारताचा पासपोर्ट मिळाला. आई आणि सेनुरी, म्हणजे प्रणालीची अक्का, श्रीलंकेच्या. चौघांचं इथलं राहणं मात्र धम्मदीपच्या एका नोकरीवर टांगलेलं होतं.

या गोष्टीचा त्या घरात कुणी फारसा विचार करत नसे. उन्हाळ्यात बाहेर लोखंड हाताला चटका द्यायचं, तेव्हा चौघंही माझ्या खोलीत गाद्या टाकून झोपायची. धम्मदीपचं काम दुक्मला होतं, दूर वाळवंटात. पंधरवड्यानं तो घरी यायचा, सदरा काढून माझ्यासमोर उभा राहायचा आणि म्हणायचा, "राजा आहेस रे तू!" सेनुरी माझी जाळी न्हाणीत नेऊन दात घासायच्या जुन्या ब्रशनं घासायची. इतक्या मायेनं मला कुणी वागवलं नव्हतं.

मग तिकडे देशात निवडणूक आली.

धम्मदीपच्या भागातून एक जण उभा होता. त्याची भाषणं फोनवर वाजायची. "बाहेरून आलेल्या एकेकाला शोधून काढू! आमच्या ताटातलं खाणाऱ्यांना हाकलून देऊ!" धम्मदीप मान डोलवायचा. त्याला त्या माणसाचा रोखठोकपणा आवडला होता. एका शुक्रवारी दुपारी इंद्राणी भात निवत ठेवून येऊन बसली. भाषण ऐकत राहिली आणि तिच्या मोडक्या मराठीत तिनं विचारलं, "हे बाहेरचे म्हणतात ते कोण? मी पण आहे का त्यात?"

धम्मदीप हसला. "अगं, तुझा काय संबंध! चोरून घुसतात त्यांच्याबद्दल बोलतोय तो. तू तर घरची."

"घरची तुझ्या घरात," इंद्राणी म्हणाली. "त्याला कसं माहीत?"

त्यानं फोन हातात घेतला. आवाज वाढवला.

मतदानासाठी रजा टाकून तो गावी गेला. जायच्या आधी आईला फोनवर बजावलं, "आई, याच माणसाला दे हं. काम करणारा आहे." परत आला तेव्हा शाई लागलेलं बोट त्यानं मुलींना दाखवलं. तो माणूस निवडून आला. त्या दिवशी आमच्या घरात शेवयांची खीर झाली.

त्यानंतर वर्ष सरलं नाही तोच दुक्मचं काम संपलं. कंपनीनं बऱ्याच जणांना नारळ दिला, त्यात धम्मदीपही होता. त्यानं रुवीपासून सोहारपर्यंत दारं ठोठावली. जो तो म्हणायचा, "इन्शाल्ला, कळवतो." कुणी कळवलं नाही. वय आडवं आलं. नोकरी गेली म्हणजे व्हिसा जाणार, आणि त्याचा गेला म्हणजे चौघांचा जाणार. सेनुरी तेव्हा बारावीला होती.

"गावी जाऊ," धम्मदीप म्हणाला. "आईला बरं वाटेल. घर आहे, कामही मिळेल काहीतरी."

पण गावी जायला त्याला आणि प्रणालीलाच कुणाची परवानगी लागत नव्हती. इंद्राणी आणि सेनुरीसाठी भारतीय वकिलातीत अर्ज करावे लागले. एक कागद दिला की दुसरा मागायचे. लग्न कुठे झालं, साक्षीदार कोण, इतकी वर्षं भारतात का राहिला नाहीत. मित्रांनो, ती माणसं रोज सकाळी तयार होऊन बाहेर पडायची आणि दुपारी उतरलेल्या तोंडानं यायची. मला सुरू करायची, पण माझ्यासमोर कुणी उभं राहत नसे. आल्या आल्या भिंतीला टेकून बसायची. 

शेवटी कळलं ते असं. इंद्राणीच्या अर्जाचा विचार चालू आहे, किती दिवस लागतील सांगता येत नाही. सेनुरीला मात्र नव्या कडक नियमांप्रमाणे राहायला परवानगी नाही. ती धम्मदीपच्या रक्ताची नाही. पाहुणी म्हणून थोडे दिवस येऊ शकेल, बस.

"पण मी पप्पाच म्हणते," सेनुरी म्हणाली. "स्कूलमध्ये पण गार्डियन तूच आहेस. देन व्हाय?"

धम्मदीप उठला आणि त्या निवडून आलेल्या माणसाच्या कचेरीत फोन लावला. फोन स्पीकरवर होता, म्हणून मला ऐकू आला. पलीकडे कुणी तरुण कार्यकर्ता होता. धम्मदीपनं सगळी हकिगत सांगितली. "भाऊ, मी साहेबांचा मतदार आहे. खास मत द्यायला मस्कतहून आलो होतो. एवढं एक काम करा."

कार्यकर्ता अदबीनं बोलला. "दादा, तुमचं दुःख कळतं. पण बाहेरच्यांच्या बाबतीत नियम कडक हवेत, हे तुम्हीच मागितलं होतं ना? म्हणून तर साहेब निवडून आले. आता तुमच्यासाठी ढिले कसे करायचे?"

धम्मदीपनं फोन ठेवला. प्रणाली त्याच्याकडे बघत होती.

"पप्पा, तू अक्काला पाठवायला व्होट दिलं?"

"नाही गं बाळा."

"पण त्यालाच दिलं ना?"

 इंद्राणी तिथेच कपड्यांच्या घड्या घालत होती. एका शब्दानं तिनं त्याला टोचलं नाही. मला वाटतं, तिनं टोचलं असतं तर त्याला हलकं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी गावाहून कांताबाईचा फोन आला. म्हातारीनं सारं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्या बी त्यालेच मत देल्लं. तूच सांगतलं होतं नं? आता माही सून आणून दे मले. अन् माही मोठी नात बी."

"आई, मला वाटलं होतं दुसऱ्यांची दारं बंद होतील," धम्मदीप म्हणाला आणि माझ्या खालच्या भिंतीला पाठ लावून बसला.

"दुसऱ्यायच्या घरातबी सुना असतीनच की रे," म्हातारी म्हणाली.

इंद्राणीनं ठरवून टाकलं होतं. "माझी परवानगी आली, तरी मी आत्ता येत नाही. सेनुरीला एकटी गॉलला कशी पाठवू? तिचं तिथे कोण आहे? ती तिकडे मराठी गाणी म्हणेल, लोक हसतील." प्रणालीनं अक्काबरोबर जायचा हट्ट धरला, पण तिच्या तिकडच्या शाळेचं, राहण्याचं पुन्हा तेच त्रांगडं. शेवटी आई एका मुलीबरोबर आणि बाप एका मुलीबरोबर, अशी वाटणी झाली. बहिणींनी एकमेकींचे कपडे मुद्दाम अदलाबदल करून बॅगांत भरले. विमानतळावर सगळी एकाच टॅक्सीनं गेली.

जाताना मला बंद करायचं कुणाला सुचलं नाही. त्या रिकाम्या खोलीत मी संध्याकाळपर्यंत चालत राहिलो. मग घरमालकाच्या सांगण्यावरून तय्यब आला, बटण फिरवलं आणि म्हणाला, "खलास." त्यानं मला खिडकीतून उपसून वादी अदाईच्या आपल्या दुकानात नेलं. आज मी तिथल्या कोपऱ्यात आहे. माझ्या पाठीवर रंगाचे डबे ठेवतात. नळ्यांना गंज चढला आहे, वायू निघून गेला आहे. तक्रार नाही. गारवा देऊन देऊन माझंही अंग शिणलं होतं.

धम्मदीप अधूनमधून तय्यबला फोन करतो, तय्यब तो स्पीकरवर घेतो, म्हणून मला त्यांची खबर लागते. तो आता तालुक्याच्या गावी एका कापसाच्या जिनिंगमध्ये विजेचं काम बघतो. सेनुरी गॉलला कॉलेजात जाते. इंद्राणीचा अर्ज अजून विचारात आहे. एकदा सुट्टीत दोघी पाहुण्या म्हणून येऊन गेल्या. कांताबाईनं सेनुरीला नऊवारी नेसवून गावभर फिरवलं आणि मुदत संपली तशी रडत एसटीत बसवून दिलं.

मध्ये तिकडे पुन्हा कसलीशी निवडणूक झाली. तय्यबनं विचारलं, "काय धम्मभाऊ, मत दिलंत काय?"

"दिलं."

"कोणाला?"

"आईनं सांगितलं त्याला," धम्मदीप म्हणाला. "ती एकेका उमेदवाराच्या सभेला गेली होती. उठून विचारलं तिनं, माह्या सुनेचं काय करशीन? बाकीच्यांनी हात जोडले आणि पुढे गेले. एक जण तिच्याजवळ येऊन बसला. करतो म्हणाला नाही. फक्त तिच्या सुनेचं नाव विचारून घेतलं."

मित्रांनो, मी यंत्र आहे, मला मत नाही. तुम्ही मोठे व्हाल तेव्हा तुम्हाला असेल. माझी जाळी धुतली नाही तरी चालेल, पाठीवर डबे ठेवले तरी चालतील. पण कुणी "त्यांना हाकला" म्हणून ओरडू लागला, तर टाळी वाजवण्याआधी एवढं करा. त्याला विचारा, "ते म्हणजे कोण? नावं सांग." आणि तो नावं सांगेपर्यंत हात खिशातच ठेवा.