अर्धं डोकं

न्हाव्याचा खांदा झिजला म्हणजे काय होतं, ते ज्याचं त्यालाच ठाऊक. दिवसभर हात हवेत! आपल्या न्हावीकाकांचा उजवा खांदा तर असा झिजला होता, की हाडावर हाड घासायचं. शर्ट घालतानाही तोंडातून शिवी निघायची. एरवी माणूस अगदी सज्जन बरं का. शेवटी काकूंनीच हट्ट धरला आणि डॉक्टरांनी झिजलेला सांधा काढून नवा कृत्रिम सांधा बसवला.

दुखणं गेलं. खरंच गेलं! उजव्या कुशीवर पहिल्यांदा झोप लागली, त्या सकाळी काका लहान मुलासारखे रडले. पण खरी धाकधूक पुढेच होती. या हाताने एक अख्खं डोकं कापून होईल का? नाही झालं, तर तीस वर्षांचं दुकान बंद.

पाच महिन्यांनी डॉक्टरांनी कामाची परवानगी दिली. "पण हात भरून आला की थांबायचं. उगाच मर्दुमकी नको."

दुकान उघडलं तर दारात म्हातारे हेडमास्तर हजर. काका त्यांचेच विद्यार्थी. पाच महिने मास्तर दुसऱ्या कुणाकडे फिरकलेच नव्हते. केस कॉलरवर रुळत होते.

डावी बाजू झकास उतरली. मग मात्र हात जड झाला, वर उचलेना. काकांनी कात्री खाली ठेवली.

"मास्तर, नाही जमत हो. उरलेलं समोरच्या दुकानात करून घेता का?"

मास्तरांनी आरशात पाहिलं. एकीकडे साहेब, दुसरीकडे जंगल!

"अरे, गृहपाठ अर्धा आणायचास, तेव्हा काय म्हणायचास? उद्या पुरा करतो. मग कर की उद्या!"

"असे जाणार? लोक हसतील!"

"हसू देत."

आणि गेले की हो! भर रस्त्याने, ताठ मानेने. फळवाला खो खो हसत सुटला. "मास्तर, हे काय?"

"काम चालू आहे," मास्तर खणखणीत आवाजात म्हणाले. "कारागीर पक्का आहे."

दारात उभ्या काकांनी ते ऐकलं आणि त्यांना हुंदकाच फुटला. डॉक्टरांचे उपकार, काकूंचे उपकार, आणि आता हे!

दुसऱ्या दिवशी उजवी बाजूही उतरली. हात टिकला. मास्तर उठले, तशी फळवाल्याने खुर्ची पटकावली. मागे आणखी चौघे उभे होते.

"काका," तो म्हणाला, "आमचंही अर्धंच कापा. घाई कुणाला आहे?"