किल्ली नसलेले कुलूप

मी एक जुने पितळी कुलूप आहे. मित्रांनो, माझे भाऊबंद दारांवर मिरवतात. मला मात्र एका किल्लीवाल्याच्या दुकानात, टेबलावरच्या शिकंज्यात आवळून ठेवले आहे. मी शिकाऊंचे कुलूप. किल्ली असली की हात आळशी होतात, म्हणून मालकांनी माझी किल्ली कधीच वितळवून टाकली. मला वाकड्या तारेच्या आकड्याने उघडल्याशिवाय शिकाऊने गिऱ्हाइकाच्या दाराला हात लावायचा नाही, असा त्यांचा दंडक.

पूर्वी मी रोज उघडत असे. कडी सुटली की मालक "वा!" म्हणत आणि ती दाद मी खुशाल स्वतःकडे घेई. पुढे त्यांचे हात थरथरू लागले, शिकणारे पांगले आणि मी बंद राहिले ते राहिलेच. आतला अंधार मला खायला उठे.

आता मालकांच्या थोरल्या बहिणीने मला हाती घेतले. ताईंना हे जमले नाही, तर दुकान बंद होणार आणि माझी रवानगी भंगारात.

"ताई, जोर नको. आतली एकेक पिन हलकेच उचल. बसली की हाताला कळतं," मालक म्हणाले.

"कळतं म्हणे! तोवर लोकांनी काय दाराबाहेर अंथरूण घालायचं?"

ताईंनी दातओठ खाऊन आकडा फिरवला. काड्! टोक माझ्या पोटातच मोडले. आधीच कोंडलेले मी, त्यात हा काटा!

"फेक ते. दुसरं आण," ताई चिडून म्हणाल्या.

"आणू की. गिऱ्हाइकाकडे असं झालं, तर दुसरं दार आणायचं का?"

ताईंनी मोडका आकडा बाजूला ठेवला. तेलाचा थेंब सोडून, बारीक चिमट्याने तो तुकडा काढत बसल्या. जरा घाई झाली की तो आणखी आत सरके. असे कितीतरी दिवस गेले. चिडचिड कमी झाली, बोटे हलकी झाली आणि एकदाचा तुकडा निघाला. ताईंनी लगेच नवा आकडा घेतला, डोळे मिटले. एक पिन बसली, मग दुसरी... आणि माझी कडी सुटली! किती वर्षांनी आत वारा शिरला. मी आनंदाने वेडे झाले.

मालकांचे डोळे भरून आले. थरथरत्या हाताने त्यांनी माझी कडी दाबून पुन्हा बंद केली.

"आता परत," ते म्हणाले.

ताईंनी स्टूल पुढे ओढले.

मित्रांनो, मी पुन्हा कोंडले गेले आहे. बाहेर पडायची मला फार घाई आहे. तुम्ही मात्र करू नका. शिकताना तुमच्या हाताखाली माझ्यासारखे कुणीतरी असते. त्याला मोडू नका. आम्ही थांबतो.