डिस्कच्या तळाशी सापडलेली पत्रं

पाठ्यपुस्तकांसाठी चित्रं काढणाऱ्या बाईंनी दुपारी जेवण झाल्यावर संगणक आवरायला घेतला आणि डुलकीच्या भरात भलतीच डिस्क पुसून टाकली. पानं, बिया, मुळं... तीन वर्षांत काढलेली दोनशे चित्रं गेली. त्यांनी भाचीला फोन लावला.

"मावशी, त्या डिस्कवर आता काही ठेवू नकोस," भाची म्हणाली. "पुसलेलं लगेच नाहीसं होत नाही, नुसता पत्ता हरवतो. सॉफ्टवेअर दुसऱ्या डिस्कवर घाल. आणि काय काय सापडलं ते आधी दाखवणारंच निवड."

घड्याळं दुरुस्त करणारे त्यांचे यजमान डोळ्याचं भिंग काढून शेजारी येऊन बसले. पहिल्या सॉफ्टवेअरने मोठमोठी वचनं दिली आणि शोधून दाखवले चार रिकामे फोल्डर. "नाव सोनुबाई," घड्याळजी पुटपुटले. दुसरं सॉफ्टवेअर सापडलेलं सगळं त्याच डिस्कवर उतरवू पाहत होतं. ते बाईंनी घाईघाईने बंद केलं. तिसरं साधंसुधं, राखाडी खिडकीचं. त्यात दोन बटणं होती, वरवरचा शोध आणि खोल शोध. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, खोल शोधात पूर्वी मुद्दाम पुसलेलंही वर येईल.

"वरवरचा पुरे की," घड्याळजी म्हणाले.

"त्यात अर्धीच येतील."

घड्याळजी उठून आपल्या टेबलाशी गेले.

बाईंनी खोल शोध सुरू केला. दाराचा पडदा हलकेच फुगत होता. पलीकडच्या खोलीतली घड्याळं आपापल्या वेळेने टिकटिकत होती. संगणकाच्या पडद्यावर एकेक पान वर येऊ लागलं, नाव नसलेलं, कुठे अर्धं करडं, जणू तळ्याच्या तळातून सुटून तरंगत आलेलं. आपण जाग्या आहोत की झोपेत, हे बाईंना नीट सांगता आलं नसतं.

मग पानांच्या मधूनच एक कागद वर आला. त्यावर पहिलाच शब्द होता, 'दादा'. मागोमाग आणखी एक. असे सात.

घड्याळजी आणि त्यांचे थोरले भाऊ अकरा वर्षं बोलत नव्हते. आईच्या शेवटच्या आजारपणात वेळेवर कोण आलं नाही, यावरून बिनसलं होतं. बाईंनी पुढे वाचलं नाही.

"अहो, जरा येता?"

ते आले, उभ्यानेच पाहत राहिले. "सात झाली होती? मला वाटलं, चार."

"ठेवू की पुसू?"

"वाचून दाखव. चष्मा सापडत नाहीये." चष्मा कपाळावर होता.

बाईंनी वाचलं. पहिल्या पत्रात नुसता राग, दोन पानं भरून. पुढच्या प्रत्येकात तो आटत गेलेला. सातव्यात एकच ओळ होती. 'दादा, वेळेवर आलो नाही तो मीच.'

"हे का नाही धाडलंत?"

"इथेच लिहिलं, वाचलं, लाज वाटली आणि पुसून टाकलं," ते म्हणाले.

ते बाईंच्या शेजारी बसले. मग त्यांनी फोन उचलला. नंबर पाठ होता.

"कोण?" पलीकडून विचारलं गेलं.

"मी. एक ओळ वाचून दाखवायची होती."

ती त्यांनी न बघताच म्हटली.

"मला ठाऊक होतं रे," भाऊ म्हणाले. "तू कधी म्हणतोस, याचीच वाट बघत होतो. गुडघे कसे आहेत तुझे?"

चित्रं एकशे चौसष्टच परत आली. बाई ती एकेक करून दुसऱ्या डिस्कवर ठेवत होत्या, आणि शेजारी फोनवर दोघे भाऊ गुडघ्यांवरून आईवर आले होते.