पाणी उतरलेली सुरी

मी एक जुनी सुरी आहे, मासळी कापणारी. हल्ली माझ्याने टोमॅटोही धड कापला जात नाही. मित्रांनो, हे रडगाणं नव्हे. मला आता फारसं काही वाटतच नाही.

माझा जन्म म्हसळ्याचा. काळूराम लोहार ट्रकच्या स्प्रिंगचे जुने पाटे तापवून एका वेळी चारपाचच सुऱ्या घडवायचा. शेवटी लालबुंद पातं पाण्यात बुडवायचा. याला पाणी देणं म्हणतात. त्यानेच धार टिकते.

मैनाबाई माहेरी आली होती. मांडव्याला धक्क्याजवळ तिची आणि नवऱ्याची, धाकूची, खानावळ होती. दोघं काळूरामकडे सुरी घ्यायला आली. तिने एकेक सुरी उचलून तोलली, पात्यावर टिचकी मारून आवाज ऐकला. धाकू कंटाळला.

"अगो, सुरी घेतेस का सून बघतेस?"

"सून सुधारंल तरी. सुरी न्हाय सुधारायची."

मी काळपट, मूठ साध्या बाभळीची, म्हणून सगळ्यांत स्वस्त. पण तिच्या हातात बसले. पुढे कितीतरी वर्षं सुरमई म्हणू नका, हलवा म्हणू नका, मी सपासप कापत होते. खारी हवा लोखंडाला खाते, म्हणून मैनाबाई रोज मला खोबरेल लावायची. धाकू गिऱ्हाइकांना माझं कौतुक सांगायचा. तेव्हा फार बरं वाटायचं.

गेल्या वर्षी धाकू जेवता जेवता गेला. खानावळ बंद पडली. मुलगी भक्ती रोज म्हणायची, "आई, उघडू या ना." मैनाबाई मान हलवायची आणि बसून राहायची. मला गंज चढला, मूठ खिळखिळी झाली.

एका सकाळी ती आपणहून उठली आणि माझी सैल मूठ काढली. मूठ घट्ट करायला सुरीची शेपटी, म्हणजे मुठीत जाणारं टोक, तापवून लाकडात ठोकतात. पात्याला मात्र ओला फडका गुंडाळतात, नाहीतर पाणी उतरतं. हे तिला पाठ होतं. तिने फडका गुंडाळलाच नाही. अख्खी मला चिमट्याने गॅसवर धरली आणि बघत राहिली. मी निळी पडले, मग लाल झाले.

"आई, पदर!" भक्ती धावत आली. पदराची कड पेटली होती. तिने ती हातानेच विझवली, गॅस बंद केला. मैनाबाई पदराकडे पाहत होती, जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता.

माझं पाणी उतरलं, धार गेली. संध्याकाळी भक्ती म्हणाली, "आपण काळूरामकाकांकडे जाऊ. तू नवी निवड."

"कुठली पन आन," मैनाबाई म्हणाली.

ते ऐकून मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. भक्तीने मात्र त्या दिवसापासून खानावळीचं नाव काढलेलं नाही. ती आईशेजारी बसते आणि माझ्यानेच कसाबसा कांदा चिरते.

मित्रांनो, सुरी घ्याल तेव्हा चकाकीला भुलू नका, हातात धरून पाहा, रोज पुसून ठेवा. सुरी बिघडली तर लोहार पुन्हा पाणी देईल. पण घरातलं एखादं माणूस असं गप्प झालं असेल, तर त्याला चुलीपाशी एकटं सोडू नका.