यंत्राचा रंग

नागपूरच्या दक्षिणेस, जिथे औद्योगिक वसाहतीचा डांबरी रस्ता संपतो आणि तुरीची शेते सुरू होतात, तिथे विजेच्या मोटारी घडवणारा एक कारखाना नऊ वर्षांपूर्वी उभा राहायचा होता. शासनाने त्यासाठी भूमी अल्प दराने दिली, वीजशुल्क माफ केले, यंत्रखरेदीस अनुदानही दिले. ज्यांची शेते त्यात गेली, त्यांच्या घरटी एकास नोकरी, असे वचन होते. कवडूजींचे तीन एकर गेले होते. त्यांचा मुलगा विक्की तेव्हा नुकताच फिटरची परीक्षा उत्तीर्ण झाला होता. कारखाना सुरू होईपर्यंत म्हणून कवडूजींना राखणदारी मिळाली आणि फाटकालगत पत्र्याची खोली मिळाली. पत्नी देवकीसह ते तिथेच राहत. विक्की शहरात इतवारीच्या बाजारात टेम्पो चालवी. आता तो एकतीस वर्षांचा झाला होता.

कारखाना म्हणजे भिंतींवाचून उभी असलेली एक शेड, आणि तिच्या मध्यभागी लाकडी फळ्यांनी बंद केलेली, माणसाहून उंच पेटी. पेटीत मुख्य यंत्र. दर खंडेनवमीला व्यवस्थापक दुर्गेशसाहेब येत. कवडूजी पेटीला झेंडूची माळ घालत, हळदकुंकू वाहत, नारळ फोडत. साहेब फोटो काढत. तो फोटो प्रगतीच्या अहवालासोबत शासनाकडे जाई आणि कारखान्याला आणखी एका वर्षाची मुदत मिळे. कवडूजींनी मात्र ही पूजा कधी वेठ म्हणून उरकली नाही. आपल्या शेतात येऊन बसलेले दैवत, या भावनेने ते स्नान करून, अनवाणी पायांनी शेडमध्ये जात.

यंदा मुदत वाढवण्याआधी प्रत्यक्ष पाहणी करायचे ठरले. त्या सकाळी दुर्गेशचा फोन आला.

"कवडूभाऊ, ऑफिसवाले येऊन राहिले आज. मी बाहेरगावी अडकलो. तुम्ही एवढंच सांगा, मशीन चालवून पाहतात, महिन्यातून दोनदा ट्रायल होते. बस."

"आन विक्कीचं, साहेब?"

"प्लांट राहिला तर विक्की राहीन ना. जागाच परत गेली तर त्याले कुठं लावू?"

कवडूजींनी ते वाक्य मनातल्या मनात दोनदा म्हणून पाहिले, शाळेतला मुलगा परवचा म्हणतो तसे.

"खोटं बोलनार काय जी आज?" देवकीने चहा गाळता गाळता विचारले.

"पोराची नोकरी हाय वं."

"नोकरी." ती एवढेच म्हणाली आणि गाळणीतला चोथा झटकू लागली.

दुपारी पाहणीसाठी शासनाच्या मेघा नावाच्या तरुण अधिकारी आल्या. सोबत निवृत्तीला टेकलेले कर्मचारी चंपतराव होते. पेटीवर चढलेले कुंकवाचे थर पाहून चंपतराव म्हणाले, "काय गा कवडू, नऊ वर्षं पूजा करून राहिला. देव काही पावला नाही?"

"देवच पेटीत कोंडला हाय. पावनार कसा?"

मेघाताईंनाही हसू आवरले नाही. मग त्यांनी फाइल उघडली.

"काका, मशीन चालते का?"

"चालवून पाहतात. महिन्यातून दोनदा ट्रायल होते." वाक्य कुठे अडखळले नाही.

"कोणत्या रंगाची आहे?"

कवडूजी पेटीकडे पाहत राहिले. याचे उत्तर त्यांना कोणी पढवले नव्हते. नऊ वर्षे ज्याच्यापुढे मस्तक टेकवले, त्याचे रूप त्यांना ठाऊक नव्हते. हिरवी म्हणावे, निळी म्हणावे; कोणताही एक रंग सांगून सुटता आले असते. पण न पाहिलेल्या दैवताला स्वतःच्या तोंडाने रंग देणे त्यांच्या जिभेला जमेना. भय असे वाटले नाही. आत काहीतरी फार पूर्वीच गार होऊन बसले होते, ते आजही हलले नाही, इतकेच.

"मले नाही मालूम, मॅडम. पेटी उघडलीच नाही कधी. पाह्यलीच नाही मी मशीन."

चंपतरावांनी पेटीभोवती एक फेरी घातली. खिळे गंजून लाकडात रुतले होते. एकही उचकटलेला नव्हता. मेघाताईंनी तसे लिहून घेतले.

"जागा परत घ्यायची शिफारस करावी लागेल, काका."

"मंग पोराचं?"

"कारखानाच नाही, तर नोकरी कुठून येणार?" त्या हळू आवाजात म्हणाल्या.

अहवालाच्या अखेरीस एक रकाना होता: प्रकल्पाचे जागेवर उपस्थित जबाबदार प्रतिनिधी. मेघाताईंनी दुर्गेशला दोनदा फोन लावला. तो बंद होता. त्यांनी क्षणभर पेन थांबवले आणि मग कवडूजींचे पूर्ण नाव विचारले.

"माहं नाव काहून, मॅडम? मी तं राखणदार आहो."

"रकाना कोरा ठेवता येत नाही, काका. जागेवर तुम्हीच आहात. राखणदार असं मी कंसात लिहिते."

"नऊ वर्षांत कोनी जबाबदार सापडला नव्हता," चंपतराव म्हणाले. "घे गा, झाला तू साहेब."

कवडूजींनी सही केली. कारखान्याच्या कागदावर आपल्या घराण्याचे नाव लागावे, ही इच्छा त्यांनी नऊ वर्षे बाळगली होती.

गाडी निघून गेली. देवकी खोलीच्या दारात उभी होती.

"विक्कीले काय सांगू जी?"

"टेम्पोच चालव म्हना."

ती आत वळली. कवडूजी सवयीने फाटकाकडे गेले. हे फाटक आता आपण कोणासाठी लावतो आहोत, असा विचार मनात येऊन गेला. त्याचेही काही वाटले नाही. त्यांनी कडी सरकवली.